एका टिकलीची किंमत

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

गेल्या दिवाळीत आमचा मावसभाऊ अमेरिकेहून पंधरा दिवसांच्या रजेवर आला होता. दादा टेक्सस प्रांतात नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी तिथल्या क्लबात पिस्तुलाने लक्ष्यावर नेम मारतो. एका संध्याकाळी आम्ही दोघे क्रांती चौकात चहा पीत उभे होतो. बोलता बोलता तो म्हणाला, "मधली दोन वर्षं फार वाईट गेली बघ. प्राइमर मिळेचनात. मिळाले तर भाव तिप्पट!"

मी कला शाखेचा विद्यार्थी. 'प्राइमर' म्हटल्यावर मला आठवली ती इंग्रजीची अंकलिपी. घरी आल्यावर मावशीला विचारले, तर ती म्हणाली, "अरे, भिंतीला रंग देण्याआधी लावतात ते." दोघांचेही उत्तर ऐकून दादा पोट धरून हसला. मग त्याने शेजारच्या पोराच्या हातातले दिवाळीचे पिस्तूल घेतले, त्यात एक टिकली घातली, चाप ओढला. फट्ट! "हा प्राइमर," तो म्हणाला, "फक्त थोडा मोठ्या माणसांचा."

त्या एका आवाजापासून माझ्या डोक्यात जे चक्र सुरू झाले, त्याचे फलित म्हणजे हा लेख. विषय थोडा आडवळणाचा आहे, हे मान्य. परंतु ज्या चौकातून आपण रोज कॉलेजात येतो-जातो, त्या चौकाच्या नावाशी या टिकलीचे नाते आहे, हे वाचकांना शेवटी पटेल अशी आशा आहे.

टिकली करते काय?

काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संच. पितळेची पुंगळी, तिच्यात दारू, पुढच्या तोंडाशी बसवलेली शिशाची किंवा तांब्याच्या आवरणाची गोळी आणि मागे, पुंगळीच्या बुडात मधोमध बसवलेली धातूची छोटीशी वाटी. ही वाटी म्हणजेच प्राइमर. आपल्याकडे जुन्या बंदुकांच्या संदर्भात तिच्या पूर्वजाला 'टोपी' किंवा 'केप' म्हणत. कोकणात आजही म्हणतात.

वाटीच्या तळाशी एका स्फोटक मिश्रणाचा पातळ थर असतो. ते आघाताने पेटते. चाप ओढला की बंदुकीतील टोकदार खिळा वाटीच्या पाठीवर आदळतो. वाटी आत दबते आणि मिश्रण वाटी व तिच्यासमोरचा धातूचा लहानसा टेकू यांच्यामध्ये चिरडले जाते. ऐरणीवर हातोडा बसावा तसा हा प्रकार असल्याने इंग्रजीत त्या टेकूला ऐरणच म्हणतात. ठिणगी उडते, ती बुडातील बारीक छिद्रातून पुंगळीत शिरते, दारू पेटते. दारूचा वायू होतो, वायू पसरतो, पितळ फुगून नळीला घट्ट चिकटते आणि मागे जायला वाट न उरल्याने सारा जोर गोळीला पुढे ढकलतो. हे सगळे डोळ्याचे पाते लवण्याच्या आत उरकते.

गोळी उडाल्यावर चारांपैकी तीन वस्तू संपल्या. दारू जळाली, गोळी गेली, टिकली फुटली. उरली ती पितळेची पुंगळी; आणि गंमत अशी की काडतुसातली सर्वांत महाग वस्तू बहुधा तीच असते. तेव्हा पुंगळी जपून ठेवावी, जुनी टिकली काढून नवी बसवावी, नव्याने दारू आणि गोळी भरावी, असा काटकसरी विचार माणसाच्या मनात आला, यात नवल नाही. अमेरिकेत लाखो नेमबाज हे काम घरी बसून करतात. दादा त्यांपैकीच एक. दारू तोलून घेता येते, गोळी निवडता येते; पण टिकली घरी करता येत नाही. ती विकतच आणावी लागते. म्हणून बाजारात टिकली नसली की बाकी सारे सामान असून नसल्यासारखे.

गारगोटीपासून टोपीपर्यंत

टोपी येण्यापूर्वी बंदुकीला ठिणगी द्यायचे दोन मार्ग होते. एक तोड्याची बंदूक. तिच्यात जळती वात कानाशी टेकवावी लागे. दुसरी चकमकीची. तिच्यात गारगोटी पोलादावर घासून ठिणगी पाडीत. दोन्हींचा शत्रू एकच, पाऊस. शिवाय चकमकीच्या बंदुकीत बाहेरच्या खाचेतील दारू आधी भक्कन पेटे आणि मग आतला बार उडे.

या मधल्या क्षणानेच पुढचा शोध लावला असे म्हणावे लागेल. स्कॉटलंडमधील बेलहेल्वी गावचे धर्मगुरू रेव्हरंड अलेक्झांडर फोर्सिथ यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. खाचेतली दारू भडकलेली दिसताच पाखरे उडून जात आणि धर्मगुरू रिकाम्या हाताने परतत. एडवर्ड हॉवर्ड या रसायनशास्त्रज्ञाने १८०० साली पाऱ्यापासून केलेल्या एका स्फोटक संयुगाचे वर्णन प्रसिद्ध केले होते. नुसत्या ठोक्याने पेटणाऱ्या अशा पदार्थांचा उपयोग बंदुकीत करावा, ही फोर्सिथ यांची कल्पना. १८०७ मध्ये त्यांनी तिचे पेटंट घेतले. पुढे काही वर्षांत तो पदार्थ तांब्याच्या इवल्याशा टोपीत घालून ती बंदुकीच्या कानावरील नळीला बसवण्याची युक्ती निघाली. ती आपलीच, असा दावा पुष्कळांनी केला. त्यांत जोशुआ शॉ या चित्रकाराचे नाव अग्रभागी आहे. शोध लावणारा एक धर्मगुरू आणि दावा सांगणारा एक चित्रकार! कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी या विषयाकडे पाठ फिरवू नये, याला एवढा आधार पुरे.

टोपीने किती फरक पडला, याचा हिशेब इंग्रज सैन्याने १८३४ साली वूलिच येथे मांडला. दोन्ही प्रकारच्या बंदुकांतून प्रत्येकी सहा हजार बार काढण्यात आले. चकमकीची बंदूक ९२२ वेळा फसली. टोपीची अवघी ३६ वेळा. म्हणजे पहिलीचा दर सहा-सात बारांत एक फुकट, तर दुसरीचा दीडशेहून अधिक बारांत एक.

हे आकडे कागदावरचे झाले. त्यांचा प्रत्यक्ष अनुभव आपल्याच शिपायांना आला. १८४१ च्या मे महिन्यात, चीनबरोबरच्या पहिल्या अफूयुद्धात, कँटनजवळ ३७ व्या मद्रास पलटणीची एक तुकडी मुसळधार पावसात मुख्य फौजेपासून तुटली. त्यांच्या बंदुका चकमकीच्या. दारू भिजली, एकही बार उडेना आणि भाले घेतलेल्या हजारो गावकऱ्यांनी त्यांना वेढले. शिपाई संगिनींवर तग धरून राहिले. अखेर त्यांना शोधायला आरमारी सैनिकांच्या ज्या तुकड्या पाठवल्या, त्यांच्याजवळ टोपीच्या बंदुका होत्या. त्या पावसातही उडाल्या आणि हे लोक वाचले. तांब्याच्या एका टोपीची किंमत त्या रात्री त्या शिपायांइतकी दुसऱ्या कोणाला कळली नसेल.

टोपी नाकारली तेव्हा

यानंतर सोळाच वर्षांनी हिंदी शिपायांनी हीच टोपी हातात घेण्याचे नाकारले. १८५७ चे नाव काढले की आपल्याला चरबी लावलेले काडतूस आठवते, आणि ते बरोबरच आहे. नवी एन्फील्ड बंदूक, तिचे कागदी काडतूस, ते दाताने फोडायची रीत आणि त्याला गाईची व डुकराची चरबी लावली आहे ही त्या वर्षाच्या जानेवारीत कलकत्त्याजवळील डमडमहून पसरलेली वार्ता, हा भाग शालेय पुस्तकांत येतो. टोपीचा भाग मात्र सहसा येत नाही.

बंगालमधील बेहरामपूर येथे १९ वी पलटण होती. २६ फेब्रुवारी १८५७ च्या संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या कवायतीसाठी शिपायांना टोप्या वाटण्याचा हुकूम झाला. शिपायांनी टोप्या घेतल्या नाहीत. टोपी घेतली म्हणजे उद्या काडतूसही घ्यावे लागणार. तेव्हा नकार द्यायचा तर पहिल्याच पायरीवर द्यावा, असा तो विचार होता. वास्तविक त्या पलटणीजवळची काडतुसे जुन्याच पद्धतीची होती, एन्फील्डची नव्हती. परंतु विश्वास एकदा उडाला की कागदाचा रंगही संशयास्पद वाटू लागतो. कर्नल मिचेल घोडदळ आणि तोफा घेऊन रात्रीच परेडवर आला, धमक्या झाल्या, मग तोफा मागे घेतल्यावर शिपाई शांत झाले. ३१ मार्च रोजी बराकपूर येथे ती पलटण बरखास्त करण्यात आली. त्याच्या दोनच दिवस आधी, २९ मार्चला, त्याच बराकपुरात मंगल पांडे यांनी बंदूक उचलली होती.

आता आपल्या औरंगाबादकडे, आजच्या छत्रपती संभाजीनगरकडे, वळू. हैदराबाद कंटिंजंटचे पहिले घोडदळ तेव्हा मोमिनाबादहून, म्हणजे आपल्या अंबाजोगाईहून, इथल्या छावणीत आणले होते. जून १८५७ मध्ये या घोडदळात असंतोष उफाळला. इतिहासाशी प्रामाणिक राहायचे तर एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. इथल्या असंतोषाचे तात्कालिक कारण काडतूस नव्हते. आपल्याला दिल्लीवर, बादशहाविरुद्ध लढायला पाठवणार, अशी त्या स्वारांची खात्री झाली होती आणि त्याला त्यांची तयारी नव्हती. जनरल वुडबर्नची फौज पुण्याकडून आली, तोफा रोखल्या गेल्या, काही स्वार निसटले आणि पुष्कळ पकडले गेले. लष्करी न्यायालयाने तिथल्या तिथे निकाल दिले. कोणाला फाशी, कोणाला गोळ्या, तर कोणाला तोफेच्या तोंडी. दफेदार मीर फिदा अली यांचे नाव त्या दिवसांतून आपल्यापर्यंत पोचले आहे. बाकीच्यांपैकी बहुतेकांची नावे आपल्या ओठांवर नाहीत. ज्या जागेशी या शिक्षांची आठवण निगडित आहे, तिला लोक काळा चबुतरा म्हणू लागले. तोच आजचा क्रांती चौक.

बॉक्सर आणि बर्डन

ज्या कागदी काडतुसाने एवढा आगडोंब उसळला, ते नऊ वर्षांतच कालबाह्य झाले, हा इतिहासाचा विलक्षण उपहास आहे. १८६६ मध्ये इंग्रजांनी त्याच एन्फील्ड बंदुका मागून भरण्याजोग्या करून घेतल्या आणि त्यांच्यासाठी धातूचे काडतूस आले. टोपी आता बाहेर कानावर न बसवता काडतुसाच्या बुडातच बसली. दाताने काही फोडायचे कारणच उरले नाही. मात्र हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने हत्यार ठेवायचे, हे धोरण १८५७ नंतर दीर्घकाळ चालू राहिले.

हे धातूचे काडतूस घडवणारा गृहस्थ म्हणजे वूलिचच्या शाही प्रयोगशाळेतील अधिकारी एडवर्ड बॉक्सर. त्याच सुमारास अमेरिकेत हायरम बर्डन यांनी दुसरी रचना काढली. आजही जगातील बहुतेक सर्व प्राइमर या दोन घराण्यांतच मोडतात. बॉक्सरच्या पद्धतीत ऐरण टिकलीच्या आतच बसवलेली असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असते. बर्डनच्या पद्धतीत ऐरण हा पुंगळीचाच भाग असून तिच्या दोन बाजूंना सहसा दोन बारीक छिद्रे असतात.

फरक किरकोळ वाटतो. परंतु पुन्हा भरण्याच्या दृष्टीने सारे त्यावरच अवलंबून आहे. बॉक्सर पुंगळीत मधल्या छिद्रातून एक सळई घातली की फुटलेली टिकली सहज बाहेर पडते. बर्डन पुंगळीत मधे ऐरण आडवी येते. म्हणून घरी काडतुसे भरणारा माणूस आधी पुंगळीत डोकावून छिद्रे मोजतो. गंमत म्हणजे इंग्रजाची रचना अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची रचना युरोपातील सैन्यांत. पाहुण्यांचे जोडे बदलले जावेत, तसा हा प्रकार.

टिकलीतील मिश्रणही बदलत गेले. पाऱ्याच्या मिश्रणामुळे पितळ ठिसूळ होई. नंतर पोटॅशियम क्लोरेटची मिश्रणे आली. त्यांचा दोष असा की बार उडाल्यावर नळीत मिठासारखा क्षार राही, तो हवेतली ओल ओढी आणि नळीला गंज चढे. म्हणून जुने सैनिक गोळीबारानंतर नळी गरम पाण्याने धूत. विसाव्या शतकात जर्मनीतून शिसेयुक्त, न गंजवणारी मिश्रणे पुढे आली आणि आज नागरी बाजारात बहुतांशी तीच चालतात. शिसे आरोग्याला वाईट. म्हणून बंदिस्त ठिकाणी वायुवीजन आणि नंतर साबणाने हात धुणे हे शिस्तीचे भाग आहेत. शिसेविरहित टिकल्याही आता निघाल्या आहेत.

दुकानात उभे राहिल्यावर

"मग विकत घेताना तू बघतोस काय?" मी दादाला विचारले. त्याने बोटांवर मोजून दाखवले. तेच इथे क्रमाने देतो.

पहिली गोष्ट माप. हातातल्या हत्यारांसाठी दोन मापे असतात, लहान आणि मोठे. लहान टिकलीचा व्यास ०.१७५ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटरांच्या जरा आत, मोठीचा ०.२१० इंच, म्हणजे सव्वापाच मिलिमीटरांहून किंचित अधिक. ९ मिलिमीटर, .३८ स्पेशल आणि आपल्याकडे परिचित असलेली .३२ या काडतुसांना लहान लागते; .४५ ला परंपरेने मोठी. यात एक फसवी जागा आहे. लहान रायफल टिकलीचा व्यास लहान पिस्तूल टिकलीइतकाच असतो. परंतु तिची वाटी सामान्यतः जाड असते. पिस्तुलाचा हलका खिळा तिच्यावर पडला तर बार न उडण्याचा संभव. आणि उलट, पातळ वाटीची पिस्तूल टिकली रायफलच्या प्रचंड दाबाखाली फुटण्याचा धोका. दिसायला सारख्या म्हणून घेऊन चालत नाही.

दुसरी गोष्ट जोर. साध्या टिकलीखेरीज 'मॅग्नम' नावाची अधिक जोराची टिकली मिळते. जास्त किंवा पेटायला जड अशा दारूसाठी ती असते. साधीऐवजी ती बिनदिक्कत वापरली तर नळीतला दाब वाढू शकतो. छापील कोष्टकात जी टिकली सांगितली असेल तीच वापरावी. बदलायची झाल्यास दारूचे प्रमाण खाली आणून नव्याने सुरुवात करावी, असा तिथला दंडक आहे.

तिसरी गोष्ट संवेदनशीलता. फेडरल, सीसीआय, विंचेस्टर, रेमिंग्टन ही अमेरिकेतील चार जुनी नावे; चेक देशाची सेलिए अँड बेलो आणि इटलीची फिओक्की हीही तिथे मिळतात. फेडरलची टिकली हलक्या ठोक्यालाही पेटते आणि सीसीआयची जरा कडक, असा नेमबाजांत सार्वत्रिक समज आहे. ज्याने चाप हलका लागावा म्हणून पिस्तुलातील कमान सैल करून घेतली असेल, तो पहिली शोधतो. ज्याची कमान मूळची आहे, त्याला कोणतीही चालते.

चौथी गोष्ट एकसारखेपणा. एकाच दारूने, एकाच गोळीने दहा काडतुसे भरावीत, वेगमापक यंत्रासमोर उडवावीत आणि सर्वांत जास्त व सर्वांत कमी वेग यांतले अंतर पाहावे. मग तेच दुसऱ्या टिकलीने करावे. ज्या टिकलीत अंतर कमी, ती आपल्या हत्याराला मानवली. अर्थात दहा बारांवरून दिलेला निकाल कच्चाच. परंतु ऐकीव मतापेक्षा तो बरा. खोक्यावर घाणा क्रमांक छापलेला असतो. एकाच घाण्याचा माल घेतला तर निकाल अधिक स्थिर राहतो.

पाचवी आणि शेवटची गोष्ट भाव. टिकल्या शंभराच्या तबकात आणि हजाराच्या खोक्यात येतात. समजा, हजाराचा भाव ४० डॉलर. म्हणजे एक टिकली चार सेंटला पडली. पण घरपोच मागवल्यास स्फोटक मालाच्या वाहतुकीचा वेगळा आकार पडतो. तो समजा ३० डॉलर धरला, तर एक हजार मागवणाऱ्याला टिकली सात सेंटला पडते आणि पाच हजार एकदम मागवणाऱ्याला चार सेंट आणि वर अर्ध्याहून थोडे जास्त. म्हणून चार मित्र मिळून मागवतात. आपल्याकडे चार घरे मिळून गव्हाचा ट्रक उतरवून घेतात, तशातला हा हिशेब. २०२० नंतर तिथे टंचाई आली तेव्हा शंभर डॉलरला हजार असा भावही लोकांनी दिला. "तेव्हा कळलं," दादा म्हणाला, "स्वस्त म्हणजे काय ते. दुकानात आहे ती स्वस्त, नाही ती महाग."

साठवण्याचा नियम मात्र एकच. टिकल्या मूळ तबकातच ठेवायच्या. तबकात प्रत्येक टिकली वेगळ्या घरात बसते, याला कारण आहे. बाटलीत एकत्र ओतल्या की एकीच्या ठिणगीने साऱ्या पेटू शकतात.

इथे मिळतात का?

हे सारे सांगून झाल्यावर दादाने सहज विचारले, "इथे कुठे मिळतात?" उत्तर असे, की दुकानात जाऊन घ्यावी अशी ही वस्तू आपल्याकडे नाही. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'दारूगोळा' या शब्दाच्या व्याख्येतच त्याचे सुटे भाग आणि तो तयार करण्याची यंत्रसामग्री येते. आणि दारूगोळा बाळगायला व तयार करायला परवाना लागतो. १८८४ च्या स्फोटक अधिनियमाच्या व्याख्येतही टोप्यांचा उल्लेख आहे. तात्पर्य, परवान्यावाचून एक टिकली जवळ बाळगणेही अंगाशी येऊ शकते. हौस म्हणून कोणी परदेशातून खिशात घालून आणू नये.

आपल्याकडच्या टिकल्या आणि काडतुसे प्रामुख्याने सरकारी कारखान्यांतून येतात आणि त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याजवळील खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. १८५७ नंतर बारा वर्षांनी इंग्रजांनी तो उभारला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. तिथल्या काडतुसाच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरे असतात; 'के' हे खडकीच्या जुन्या इंग्रजी नावातले, किरकीचे. चीन युद्धानंतर, १९६४ मध्ये, जळगाव जिल्ह्यात वरणगावचा कारखाना सुरू झाला. २०२१ पासून हे कारखाने म्युनिशन्स इंडिया या पुण्यात मुख्यालय असलेल्या सरकारी कंपनीखाली आले.

टोपीची मूळ बंदूक पाहायची असेल तर मात्र कोकणात जावे. रत्नागिरी, सिंधुदुर्गातील शेतकऱ्यांकडे पीकरक्षणाच्या परवान्यावरील ठासणीच्या बंदुका आहेत. रानडुकरे आणि माकडे यांच्यापासून शेत राखायला त्या दिलेल्या. नळीत पुढून दारू भरायची, गजाने ठासायची, कानावर केप बसवायची. म्हणजे फोर्सिथ यांच्यानंतरच्या पिढीचे तंत्र आजही आपल्याकडे परवान्यावर नांदते आहे. निवडणूक लागली की या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि भात कापणीच्या तोंडावर तसे झाले की डुकरांची निवडणूक बिनविरोध होते, असे तिथले लोक म्हणतात!

आणि आपला विद्यार्थ्यांचा संबंध? तो छात्रसेनेचा. तिथे आपण .२२ रायफल चालवतो. तिच्या काडतुसाला वेगळी टिकलीच नसते; मिश्रण बुडाच्या कडेत पसरलेले असते आणि खिळा कडेवर पडतो. म्हणून ते पुन्हा भरता येत नाही. राही सरनोबतने जगभर नाव मिळवले त्या २५ मीटर पिस्तूल प्रकारातही .२२ च चालते आणि स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक जिंकले त्या ५० मीटर रायफल प्रकारातही.

मला एका शिबिरात आलेला अनुभव सांगतो. पाचपैकी तिसरी गोळी. चाप ओढला, नुसते 'टक्' झाले. मी घाईने बोल्ट उघडायला हात घातला, तोच उस्ताद ओरडले, "हिलना मत!" रायफल लक्ष्याकडेच रोखून मी पडून राहिलो. अर्धा मिनिट मला अर्ध्या तासासारखा वाटला. मग त्यांनी स्वतः काडतूस काढले, त्याच्या कडेवरची खूण दाखवली आणि म्हणाले, टिकली कधी कधी उशिरा पेटते. तू उघडायला आणि ती पेटायला एक गाठ पडली असती तर डोळा गेला असता. त्या दिवशी संध्याकाळी पुंगळ्या मोजून परत करताना माझा हात थोडा कापत होता. ते न उडालेले काडतूसही मोजून वेगळे ठेवले गेले. तेव्हा मला ती मोजणी कारकुनी वाटायची. आता वाटत नाही.

पुन्हा चौकात

एका गोष्टीवर मात्र दादाचा आणि माझा वाद झाला. तो म्हणाला, "सामान्य माणसाला एक टिकलीही घेता येऊ नये, हा कायदा इंग्रजांचाच ना?" त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केले, गोऱ्यांना मात्र मोकळीक ठेवली, म्हणून राष्ट्रीय सभेने त्यावर वारंवार टीका केली होती. १९५९ चा कायदा हा आपल्या लोकसभेने केला आणि त्यात रंगाचा भेद नाही, हे खरे. परंतु परवान्याची चौकट जुन्याच घराची आहे. २०१९ च्या दुरुस्तीने तर एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच हत्यारे, अशी मर्यादा आली.

मी त्याला एवढेच म्हटले, "दादा, जिथे हत्यार सोपे झाले आहे, तिथली वर्तमानपत्रेही तू वाचतोस." तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ते खरं आहे. पोरांच्या शाळेत आता गोळीबार झाल्यास कुठे लपायचं याची कवायत होते." हे सांगताना त्याचा आवाज खाली गेला होता. माझी भाची तिथे तिसरीत आहे.

वाद मिटला असे नाही. खेळाडूला सराव स्वस्त हवा, शेतकऱ्याला पीक राखायचे आहे आणि बाकीच्यांना निर्धास्त झोप हवी. या तिन्ही गोष्टी एका कायद्यात बसवणे सोपे नाही. आपण पदवी घेऊन बाहेर पडू, मत देऊ, कोणी अधिकारी होऊ. तेव्हा हा प्रश्न आपल्यापुढे केव्हा ना केव्हा येईल. तो आला असता नुसत्या जोशावर किंवा नुसत्या भीतीवर उत्तर देऊ नये, वस्तू काय आहे ते आधी जाणावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

दादा परत जाण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पुन्हा चौकात थांबलो. शिवछत्रपतींच्या अश्वारूढ पुतळ्याभोवती वाहनांची नेहमीची गर्दी होती. मी त्याला काळ्या चबुतऱ्याची हकीकत सांगितली, बेहरामपूरच्या शिपायांचीही सांगितली. तो म्हणाला, "म्हणजे मी टिकली घेताना माप बघतो, भाव बघतो, घाणा क्रमांक बघतो. त्यांनी फक्त एवढंच बघितलं, की घ्यायची की नाही."

सिग्नल सुटला आणि आम्ही रस्ता ओलांडला.